तीनचा खेळ

रविवार, ५ जानेवारी

आज पहिला पॉडकास्ट झाला. बोलणारे दोघं, मी आणि मेहुणी. कल्पना लेकीची. ती म्हणाली, "बाबा, दिवसभर भिंतींशी बोलता त्यापेक्षा माइकशी बोला, निदान कुणीतरी ऐकेल." मी भिंतींशी बोलत नाही. एकदा कुकरशी बोललो होतो आणि फोन चालू राहिल्यामुळे ते तिला ऐकू गेलं, एवढंच. पण ती दुसऱ्या देशात बसून उंटावरून शेळ्या हाकते आणि तिच्यापुढे माझं आजवर काही चाललेलं नाही. माइक आला, त्याच्याबरोबर सूचना आल्या. दर रविवारी हिच्या आवडत्या नटीचा एक सिनेमा घ्यायचा, तिच्या भूमिकेवर दोघांनी बोलायचं. कापून-जोडून लोकांपुढे ठेवायचं काम लेकीचं.

ही म्हणजे माझी बायको. मागच्या मार्चमध्ये गेली. डायरी माझी, वाचणारा मीच, तरी लिहून ठेवलं.

नटीचं नाव दोघी बहिणी कधी घेत नसत. ‘आपली’ म्हणायच्या. "आपलीचा नवीन लागलाय." सिनेमांनाही नावं नाहीत. नर्सचा, टेलिफोनचा, आगबोटीचा. एवढ्यावर दोघींचं भागायचं.

माइक चालू करण्याआधीच मेहुणीने विचारलं, "भावोजी, तुम्ही आपलीचा एक तरी सिनेमा पाहिलाय का?"

"पाहिला नाही. ऐकलेत सगळे."

ते खरं आहे. मी पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर कायम रात्रपाळीला. सकाळी घरी येऊन जेवायचो, आणि मी जेवत असताना ही आदल्या दिवशीच्या तीनच्या खेळाची गोष्ट सांगायची. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आवाज बदलून, कुणी कुठला कोट घातला होता त्यासकट. मग मी झोपायचो. माझी झोप सावध. पंपाच्या धडधडीत डुलकी लागेल, पण घरात चमचा पडला तरी जागा होणार. त्यामुळे दुपारी लेक शाळेत गेली की ही बहिणीला घेऊन सिनेमाला जायची. मी कधी नको म्हटलं नाही. पुष्कळ नवरे म्हणतात.

झोपायच्या खोलीत कपाटाची दोन्ही दारं उघडून त्यासमोर दोन स्टुलं मांडली. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, असं सूचनेत होतं. हिचे कपडे अजून तसेच टांगलेले आहेत. मेहुणी मागे दोनदा म्हणाली होती, देऊन टाका म्हणून. आज काही बोलली नाही.

नर्सचा घेतला. मेहुणी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, सगळ्या नर्सा तिच्या ओळखीच्या. ती म्हणाली, "आपली त्यात टाचा न टेकवता चालते. रात्री वॉर्डात फिरणारी बाई अशीच चालते. हे तिला कुणी शिकवलं असेल?" मी म्हणालो, हीसुद्धा घरात अगदी तशीच चालायची, सिनेमावरूनच उचललं असणार. मेहुणीने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मग मी शेवट सांगितला. पेशंट स्वतःच्या पायांनी जिना उतरतो, खाली जाऊन वर बघतो आणि टोपी हलवतो.

"उतरतो?" मेहुणी म्हणाली.

"उतरतो. टोपी करड्या रंगाची."

"असेल बाबा. फार वर्षं झाली."

पॉडकास्टचं नाव तिनेच सुचवलं, ‘तीनचा खेळ’. ती गेल्यावर स्टुलं उचलायची राहिली. असू देत.

शुक्रवार, १० जानेवारी

लेकीने भाग टाकला. ऐकणारे मूठभर, त्यातले बरेचसे तिच्या ऑफिसातले, म्हणजे वेठीला धरलेले. एकाने लिहिलंय, "काका पाहिलेला सिनेमा सांगावा तसा सांगतात." मी ते चार वेळा वाचलं. मग दाढी केली. कुठे जायचं नव्हतं.

रविवार, १२ जानेवारी

टेलिफोनचा. आपली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला, कानाला यंत्र, समोर तारांचं जाळं. मेहुणी म्हणाली की ऐकताना ती डोळे मिटते आणि बोलताना उघडते, अख्खी भूमिका तेवढ्यावर उभी आहे. हे मला हिने सांगितलं नव्हतं. हिने सांगितलं होतं ते असं, की तिचा तो अधिकारी, ज्याचे फोन ती रोज जोडून देते, शेवटी एक्स्चेंजचे जिने चढून येतो आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. रात्रभर बसतो. तिची पाळी संपेपर्यंत.

मेहुणी म्हणाली, "नाही हो भावोजी. तो दुसरीशी लग्न ठरवतो आणि तो फोन तिलाच जोडून द्यावा लागतो. ती जोडते. तिथे संपतो."

"मला हिने स्वतः सांगितलंय."

"आणि मी ताईच्या शेजारच्या खुर्चीत होते."

मी म्हणालो, वय झालं की होतं असं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे. चहा न घेता गेली, पण दारातून "पुढच्या रविवारी आगबोटीचा" असं म्हणून गेली, म्हणजे रागावलेली नव्हती.

बुधवार, १५ जानेवारी

कुणीतरी लिहिलंय की नर्सचा पेशंट शेवटी मरतो, काकांनी कुठला सिनेमा पाहिला? खाली आणखी दोघांनी री ओढली. लेक फोनवर हसत होती. "बाबा, लोकांना आवडतंय. मावशी खरं सांगते आणि तुम्ही ठोकून देता, असं वाटतंय त्यांना."

मी ठोकून देत नाही. पस्तीस वर्षांत माझ्या नोंदवहीत पाण्याची पातळी एकदाही चुकली नाही. हिने सांगितलेलं सांगताना चुकेन होय?

लेक म्हणाली, सिनेमे सगळे मिळतात आता, घरबसल्या, बघून टाका एकदा. मी म्हणालो, बघायची गरज काय, पाठ आहेत मला. तिने टीव्हीवर कुठलं बटण दाबायचं ते लिहून पाठवलं. मी कागद टीव्हीखाली सरकवून ठेवला.

रविवार, १९ जानेवारी

आज नको ते झालं. सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते कळेल.

आगबोटीचा. आपली कप्तानाची बायको. नवरा वर्षातले दहा महिने समुद्रावर, ती घरात ताटल्यांशी बोलते. एक ताटली नवरा, एक सासू. मेहुणीने तो प्रसंग छान सांगितला, मला हसू आलं. मग मी शेवटाकडे आलो. कप्तान ठरल्यापेक्षा महिनाभर आधी येतो. मागच्या दाराने येतो. ती ताटलीशी बोलत असते आणि उत्तर मागून येतं.

"बोट बुडते, भावोजी," मेहुणी म्हणाली. "तो येतच नाही. ती दोन ताटल्या मांडून बसते. अख्खं थिएटर रडत होतं. ताईने स्वतःचा रुमाल भिजवला आणि मग माझा घेतला."

"ही रडणारी नव्हती. इतक्या वर्षांत मी हिला एकदाही रडताना पाहिलं नाही."

"तुम्ही झोपलेले असायचात."

माइक चालू होता. मी म्हणालो की हिने मला खोटं सांगायचं कारण काय. त्यावर मेहुणी म्हणाली, "ते मला काय ठाऊक. ताईने तुम्हाला बनवलं आणि तुम्ही बनलात."

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणालो, "तू दोन वर्षं तिच्याशी बोलत नव्हतीस. हिच्या मनातलं तू मला सांगू नकोस."

ते खरं आहे. आईच्या शिवणयंत्रावरून दोघींचा अबोला झाला होता. यंत्र शेवटी गंजून भंगारात गेलं. लेकीच्या लग्नात दोघी बोलायला लागल्या, आणि त्यावर पुन्हा कधी कुणी तोंड उघडलं नाही. आज मी उघडलं.

मेहुणी उठली, पर्स घेतली, गेली. पुढच्या रविवारचं काही म्हणाली नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

लेक म्हणाली, "शेवटचं वाक्य कापलंय मी, बाबा. बाकीचं भांडण ठेवलंय. मावशीला फोन करा."

मी का करू? बनवलं असं कोण म्हणालं?

रविवार, २६ जानेवारी

आली नाही.

मी स्टुलावर बसून एकट्याने बोलून पाहिलं. वकिलीणबाईचा घेतला. थोडं बोलल्यावर लक्षात आलं की प्रत्येक वाक्यानंतर मी थांबतोय. समोरून "नाही हो भावोजी" येईल म्हणून थांबतोय. नंतर लावून ऐकलं तर माझ्यापेक्षा थांबणंच जास्त. पुसून टाकलं.

फार एकटं वाटलं आज. ही गेली तेव्हा माणसं होती, धावपळ होती, लेक महिनाभर होती. तेव्हा इतकं वाटलं नव्हतं.

मंगळवार, २८ जानेवारी

टीव्हीखालचा कागद काढला आणि आगबोटीचा लावला. मुद्दाम दुपारी तीनला.

आधी मला वाटलं, चुकीचा सिनेमा लागला. आपलीचा आवाज जाड आहे, थोडा बसलेला. माझ्या डोक्यात इतकी वर्षं ती हिच्या आवाजात बोलत होती. नर्स, टेलिफोनवाली, वकिलीणबाई, सगळ्या हिच्या आवाजात. ही कोण परकी बाई माझ्या घरात बोलतेय, असं झालं. बराच वेळ मी काय चाललंय ते बघितलंच नाही.

बोट बुडते. तो येत नाही. ती दोन ताटल्या मांडते आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसते. खांदेसुद्धा हलत नाहीत, आणि तरी ती रडतेय हे कळतं. मागच्या दाराकडे मी शेवटपर्यंत बघत होतो.

गुरुवार, ३० जानेवारी

नर्सचा आणि टेलिफोनचा, दोन्ही पाहिले. मेहुणी बरोबर. पेशंट मरतो. टोपी आहे, करडीच आहे, पण ती नंतर त्याचे नातेवाईक घेऊन जातात.

मी तोंडघशी पडलो हे ठीक. त्याचं काही नाही, मूठभर लोकांपुढे पडलो. पण हिने असं का केलं? मी ताटावर बसून ऐकतोय, मान डोलावतोय, आणि समोरचं माणूस मनात हसतंय, असं होतं का? दोघी थिएटरातून परत येताना म्हणत असतील, आज काय सांगू गं त्यांना, ते काहीही ऐकतात.

मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, तरी मी आज रागावलो. पलंगाशी हिच्या बाजूचा दिवा मी रोज रात्री लावतो, तो आज लावला नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

काल रविवार होता. झोपायच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत झोपलो. आज पाठ धरली आहे.

पाण्याचं बिल भरायला गेलो होतो, येताना औषधाच्या दुकानावरून आलो. म्हणजे रस्ता तोच आहे. मेहुणी काउंटरवर एका बाईला गोळ्या समजावून सांगत होती, ही जेवणाआधी, ही जेवणानंतर. मी पाठीला लावायचं मलम घेणार होतो. घेतलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मेहुणी आली. शनिवारी, दुकान सोडून, दुपारी. मला वाटलं भांडायलाच आली. दारातच म्हणाली, "भावोजी, तो आगबोटीचा शेवट माझा आहे."

मला कळेना. ती आत आली, बसली, पाणी प्याली. म्हणाली, आपलं भांडण मी तीन वेळा ऐकलं, लेकीने टाकलेलं. तुम्ही म्हणता ना, तो मागच्या दाराने येतो आणि ताटलीचं उत्तर मागून येतं? ते मी सांगितलेलं आहे ताईला. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापाशी.

मग तिने जे सांगितलं ते असं. सिनेमा सुटला की दोघी चालत यायच्या. रडका असला की ही वाटभर गप्प. आणि सायकलच्या दुकानाशी आल्यावर विचारायची, "याचा शेवट काय करू या?" मग दोघी मिळून नवा शेवट रचायच्या. एकीने धागा काढायचा, दुसरीने पुढे ओढायचा, ते घराच्या जिन्यापर्यंत. "मला वाटायचं, आमचा खेळ आहे," मेहुणी म्हणाली. "तो दुसऱ्या दिवशी तुमच्या ताटात पडतो हे मला माहीतच नव्हतं. टोपी हलवणं ताईचं होतं. खुर्चीवर रात्रभर बसणं पण ताईचंच."

मी विचारलं, "पण मला खरं का नाही सांगितलं?"

"पहिल्या वर्षी सांगितला होता म्हणे एक. तुम्हाला झोप लागली नाही. दिवसभर कूस बदलत राहिलात आणि रात्री पंपावर डुलकी लागून कसलासा व्हॉल्व्ह उघडा राहिला."

व्हॉल्व्ह मला आठवतो. साहेबांनी मेमो दिला होता. सिनेमा आठवत नाही.

"ताई तेव्हाच म्हणाली होती, त्यांना रडका काही सांगायचा नाही बाई. मी ते ऐकून विसरले. परवा भांडण ऐकताना आठवलं."

मी उठून चहा टाकला. दूध उतू गेलं. ही तिकडे रडून यायची आणि मला टोपी हलवणारा माणूस आणून द्यायची. मी हिच्यावर आठवडाभर रागावलो होतो. मेहुणीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "ताईला सवय होती." मग आम्ही दोघंही हसलो, आणि मग हसायचं थांबलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज नेहमीप्रमाणे बसलो. वकिलीणबाईचा झाला. नवी पद्धत ठरली आहे. मेहुणी सिनेमातला शेवट सांगते, मग मी हिचा सांगतो, आणि मग ती आठवून सांगते की त्यातलं कुणी काय घातलं. वकिलीणबाई खटला हरते. हिच्या शेवटात न्यायाधीश घरी येऊन म्हणतो, बाई, तुमचंच बरोबर होतं. न्यायाधीश मेहुणीचा, ‘बाई’ म्हणणं हिचं.

माइक बंद केल्यावर मेहुणी उठेना. शेवटी म्हणाली, "स्टेशनचा राहिला."

स्टेशनचा म्हणजे आपली रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करते तो. आपलीचा शेवटचा मोठा रोल.

"तो मी पाहिलेला नाही," मेहुणी म्हणाली. "अबोल्यात लागला होता. ताई एकटीच गेली असणार. मी दुकानातून तिला जाताना पाहिलं होतं, तीनच्या सुमाराला. हाक मारली नाही."

मी माइकची वायर गुंडाळायला घेतली.

"भावोजी, त्याचा शेवट ताईने एकटीने केला असेल. सायकलच्या दुकानापाशी ती एकटी उभी राहून काय म्हणाली असेल, ते मला ऐकायचंय. तुम्हाला आठवतो ना?"

"आठवेल."

"तेव्हा ती माझ्यावर किती रागावलेली होती ते तेवढ्यावरून कळेल मला. नंतर बोलायला लागलो, पण ते मी कधी विचारलं नाही. आणि आता विचारायला ती नाही." मग म्हणाली, "पुढच्या रविवारपर्यंत मी सिनेमा बघणार नाही. आधी ताईचा ऐकेन, मग खरा बघेन."

ती गेल्यावर मी आठवून पाहिलं. हिने सांगितलेला शेवट मला लख्ख आठवतो. पण खात्री करून घ्यायला हवी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

स्टेशनचा पाहिला.

आपली दिवसभर हजारो माणसांशी बोलते आणि एकालाही ती दिसत नाही. घरी आली की कुणी तिच्याशी बोलत नाही. नवरा वाईट नाही, मारत नाही, पीत नाही. पेपर वाचतो. शेवटी एका दिवशी ती शेवटची घोषणा करते, दिवा मालवते, खाली येऊन फलाटावरच्या बाकावर बसते. घरी जात नाही. गाड्या येतात, जातात. ती बसलेलीच. संपला.

हिने मला हेच सांगितलं होतं. जसंच्या तसं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. "ती बाकावर बसते. गाड्या येतात, जातात. ती उठत नाही. संपला." मी दुसऱ्यांदा लावून पाहिला, पुढेमागे काही राहिलंय का म्हणून. काही राहिलेलं नाही.

आधी मला वाटलं, बरोबर कुणी नव्हतं, म्हणून नवा शेवट सुचला नसेल. मग वाटलं, हिला न सुचायला काय झालं? टोपी हिची, खुर्ची हिची. हिला सुचला असता. हिने या एका वेळी मला खरा सांगायचा ठरवला असणार. ते कशासाठी, हे माझ्यासारख्या दगडालाही आता कळतं.

मी तेव्हा काय म्हणालो तेही आठवतं. "बरं," म्हणालो. हात धुतले. आणि मला छान झोप लागली. संध्याकाळी हिने उठवलं तेव्हा उठलो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मेहुणीचा फोन. रविवारी लवकर येऊ का म्हणाली. हो म्हणालो.

दोन दिवस मी काही धड खाल्लं नाही. रविवारी तिला काय सांगू? खरं सांगितलं तर ती काय ऐकणार? तिने हाक मारली नाही त्या दुपारी तिची ताई सायकलच्या दुकानापाशी येऊन काहीही न म्हणता घरी गेली आणि बाकावरची बाई तशीच माझ्या ताटात वाढली. ते तिने उरलेलं आयुष्य घेऊन फिरायचं. मी माझं घेऊन फिरेन, ते मला चुकणार नाही. तिने का फिरावं?

पण हिच्या तोंडी मी शब्द घालायचे? हिने जो एकच शेवट बदलला नाही, तो मी बदलायचा? लेकीला विचारावंसं वाटलं. फोन उचलला आणि ठेवला. ज्याला विचारायचं ते माणूस कपाटात नुसतं टांगलेलं आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

मेहुणीने नवे कपडे घातले होते. रेडिओवर दिसतात का, म्हणून मी चेष्टा केली. ती हसली नाही. स्टुलावर बसली, हात मांडीवर. माइक चालू केला.

मी सुरुवातीपासून सांगितलं. फलाट, घोषणा, घरचं जेवण, पेपर वाचणारा नवरा. नवऱ्याचं मी काही कमी केलं नाही. मग बाकावर आलो. गाड्या येतात, जातात. ती उठत नाही.

तिथे मी थांबलो. मेहुणी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचा चेहरा असा इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. भुवया हिच्याच आहेत.

"मग?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "मग शेवटची गाडी येते. त्यातून एकच बाई उतरते. ती हिची बहीण. दोघी बरीच वर्षं बोलत नसतात. ती येऊन बाकावर शेजारी बसते. दोघी काही बोलत नाहीत. मग ही तिला विचारते, 'जेवलीस का?'"

खोलीत माइकवरचा लाल दिवा तेवढा चालू होता. मेहुणीने तोंडावर हात धरला. आवाज रेकॉर्ड होऊ नये म्हणून असेल.

हात काढून म्हणाली, "जेवलीस का, असं?"

"असं."

"ताई तसंच म्हणायची. काहीही झालं की आधी तेच." मग तिने डोळे पुसले आणि अगदी लहान पोरीसारखं विचारलं, "म्हणजे ती तेव्हा वाट बघत होती?"

"त्याशिवाय का हिने सिनेमात नसलेली बहीण आणून बसवली?"

ती म्हणाली, रात्री मी खरा सिनेमा बघेन. मी म्हणालो, बघ, त्यात बहीण नाही. ती म्हणाली, "ठाऊक आहे. म्हणून तर."

पहिल्यांदाच ती जेवायला थांबली. मीच केलं होतं, मीठ जास्त झालं होतं. तिने ते बोलून दाखवलं आणि खाल्लं. आयुष्यात मी एवढं मोठं खोटं बोललेलो नाही. बोलताना आवाज हलला नाही, याचं मला अजून नवल वाटतंय. हे फक्त इथे लिहितोय. सिनेमात बहीण नाही, आणि हिच्या गोष्टीतही नव्हती.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी दुकानातून मेहुणीचा फोन. काल फार दिवसांनी गाढ झोपले म्हणाली. मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. तिने त्याला थांबायला सांगितलं आणि मला विचारलं, "भावोजी, ती बहीण गाडीतून उतरते तेव्हा तिच्या हातात काय असतं? ताईने सांगितलं होतं का?"

माझी धांदल उडाली. "पिशवी," म्हणालो.

"कसली?"

"कापडी. जुनी."

"आणि पिशवीत?"

मी म्हणालो, ते आठवून सांगतो. ती म्हणाली, आठवा, मी वाट बघते, घाई नाही. फोन ठेवून मी तसाच उभा राहिलो. ही रोज सकाळी माझ्यासमोर बसायची. टोपीवाला जिना उतरून कुठे गेला, खुर्चीवर बसलेला माणूस सकाळी काय म्हणाला, हे सगळं हिच्याकडे तयार असणार, कुणी विचारलं तर. मी एकदाही विचारलं नाही. आता मला पिशवीत काय आहे ते शोधायचं आहे.